देवगिरीचें खरें बळ

जालन्याहून पश्चिमेस निघालेली आगगाडी बदनापूर सोडून पुढें जाऊं लागली म्हणजे दोहों बाजूंस पसरलेल्या मुलखाचे दोन गुण पाहणाऱ्याच्या मनावर ठसतात. एक त्याचा सपाटपणा, आणि दुसरा, पावसाळा सरून गेलेला असल्यास, त्याचा कोरडेपणा. समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांहून अधिक उंच असलेलें हें पठार सह्याद्रीच्या आडोशास आहे. पश्चिमेकडून येणारे ढग आपला बहुतेक भार कोंकणावर व घाटमाथ्यावर उतरवितात आणि हलके होऊन इकडे येतात. जालना जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी सुमारे सातशें मिलीमीटर पाऊस पडतो. पण सरासरी हा शब्द मोठा फसवा आहे. एखाद्या वर्षीं पीक वाहून जाईल इतकें पाणी येतें, तर एखाद्या वर्षीं पोळ्यापासूनच नदीचें पात्र पांढरें पडूं लागतें. भूगोलाच्या पुस्तकांत या मुलखास कोणी वाळवंट म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. येथील काळी जमीन कापूस पिकविते, तूर पिकविते, मोसंबीच्या बागा पोसते. तथापि चैत्र-वैशाखांत विहिरींचे तळ दिसूं लागले म्हणजे वाळवंटांतील माणसास जी एक चिंता अष्टौप्रहर असते तीच येथील माणसासहि लागते. पाणी किती दिवस पुरेल, ही ती चिंता.

श्रोतेहो, हाच प्रश्न बरोबर घेऊन आज आपणांस देवगिरीच्या किल्ल्यावर जावयाचें आहे. बदनापुरावरून जाणारा हाच लोहमार्ग छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, ओलांडून पुढें दौलताबाद नांवाच्या स्थानकास पोहोंचतो. शहरापासून किल्ला सुमारे पंधरा किलोमीटरांवर आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो शाळेच्या सहलींत पाहिला असेल. अंधेरीतील काळोख, मेंढा तोफ आणि उंच चांद मिनार या तीन गोष्टी बहुतेकांच्या आठवणींत असतात. परंतु किल्ला पाहून उतरतांना प्रत्येक विचारी माणसास एक कोडें पडल्यावांचून राहत नाहीं. इतका अवघड किल्ला शत्रूच्या हातीं गेला तरी कसा, आणि तोहि एकदां नव्हे, अनेकदां? या कोड्याचें उत्तर तोफांत नाहीं आणि तटांतहि नाहीं. तें पाण्याच्या टाक्यांत आणि धान्याच्या कोठारांत आहे, असें मला या भाषणांत दाखवावयाचें आहे.

प्रथम किल्ल्याची रचना ध्यानांत घेऊं. सपाट मैदानांतून एकच सुटा डोंगर सुमारे सहाशें फूट उंच उभा आहे. आजूबाजूच्या डोंगरांपासून तो अलग असल्यामुळें शेजारच्या माथ्यावरून त्यावर उतरतां येत नाहीं. निसर्गानें इतकें केलें. बाकीचें माणसानें केलें. डोंगराचा खालचा भाग चोहों बाजूंनीं तासून त्याची सुमारे दीडशें फूट उंचीची सरळ भिंत करण्यांत आली. तासलेल्या कड्याच्या पायथ्याशीं त्याच खडकांत खोल खंदक खणला. येथून जवळच वेरूळ आहे. आठव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या काळीं ज्या मुलखांतील पाथरवटांनीं एका डोंगरांतून अखंड कैलास लेणें कोरून काढलें, त्या मुलखास एक डोंगर तासून काढणें अशक्य वाटलें नसावें. वेरुळास छिन्नीनें देऊळ घडविलें, देवगिरीस दुर्ग घडविला. दगड तोच, काळा बसाल्ट.

या डोंगराभोंवतीं पुढें तटाचे तीन वेढे झाले: सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आंत महाकोट आणि डोंगरास लगटून काळाकोट. काळाकोटांतून बालेकिल्ल्यावर जावयास एकच वाट, आणि तीहि खंदकावरच्या अरुंद पुलावरून. खंदकांतील पाण्याची पातळी वाढविली म्हणजे जुना ठेंगणा पूल पाण्याखालीं जाई, असें जाणकार सांगतात. पूल ओलांडल्यावर अंधेरी लागते. खडकांतून कोरलेला हा वळणावळणाचा चढता मार्ग इतका काळोखा आहे कीं दिव्यावांचून पाऊल टाकतां येऊं नये. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झांकण घालून त्यावर जाळ करण्याची सोय होती. म्हणजे आंत शिरलेल्या शत्रूस पुढें आग, मागें अंधार आणि भोंवतीं धूर. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथें आला होता. वरच्या किल्ल्यावर कातड्याच्या शिडीनें चढावें लागतें व ती शिडी रात्रीं वर ओढून घेतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. तेथील तुरुंगांतील उंदीर मांजरांहून मोठे असतात, हीहि त्याचीच माहिती. ती खरी मानावी कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावें; पण या दुर्गाची दहशत परदेशीं माणसालाहि किती वाटत असे, हें तीवरून कळतें.

असा हा दुर्ग यादवांनीं आपल्या राज्याची गादी केला. पांचव्या भिल्लमानें ११८७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी वसविली. पुढें सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकीर्दींत मराठी बोलणाऱ्यांचें हें राज्य भरभराटीस आलें. १२९० मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हां देवगिरीवर रामचंद्रच राज्य करीत होता, आणि ग्रंथाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनीं त्याचा उल्लेखहि केला आहे. हेमाद्रि पंडित त्याच्याच दरबारांतला. अशा राज्यावर ज्ञानेश्वरीनंतर सहाच वर्षांनीं घाला आला.

१२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी हा गंगाकांठच्या कडा प्रांताचा सुभेदार एलिचपूरच्या मार्गानें अचानक देवगिरीवर येऊन पडला. त्याच्यापाशीं सुमारें आठ हजार स्वार होते. यादवांचें मुख्य सैन्य त्या वेळीं युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलें होतें. रामचंद्रानें किल्ल्याचा आश्रय केला. पुढील हकीकत फेरिश्ता या इतिहासकारानें दिली आहे. तो या प्रसंगानंतर तीन शतकांनीं लिहीत होता, हें लक्षांत ठेवून ती ऐकावी. कोंकणांतून मिठाच्या गोण्या घेऊन आलेले व्यापारी शत्रूच्या भीतीनें माल टाकून पळून गेले होते. किल्ल्यांतील लोकांनीं त्या गोण्या धान्याच्या समजून घाईघाईनें आंत नेल्या. पुढें शंकरदेव परत आला, बापाचा सल्ला न मानतां मैदानांत लढला आणि पराभूत झाला. तरीहि रामचंद्रास धीर होता. कारण कडा अभेद्य होता, आणि बाहेरून मदत येईपर्यंत तग धरावयाचा एवढाच प्रश्न होता. त्या वेळीं गोण्या उघडल्या आणि आंत मीठ निघालें. रामचंद्रास जबर खंडणी देऊन तह करावा लागला. दक्षिणेचें दार उघडलें तें या तहानें. १३०७-०८ मध्यें मलिक काफूर आला, आणि १३१८ पर्यंत यादवांचें राज्य संपुष्टांत आलें.

गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, तिच्यांतील मर्म मात्र खोटें नाहीं. किल्ल्याची ताकद अजमावतांना लोक कडा किती फूट, तोफा किती, माणसें किती, असें मोजतात. वेढा घालणारा सेनापति मात्र एकच गोष्ट मोजतो: आंतल्या माणसांचीं तोंडें किती आणि तीं किती दिवस भरतील.

आपणहि हा हिशेब करून पाहूं. समजा, किल्ल्यावर एक हजार माणसें आहेत, आणि दिवाळीपासून मृगापर्यंतचे सुमारे आठ महिने, म्हणजे दोनशें चाळीस दिवस, त्यांना काढावयाचे आहेत. पिण्यास व रांधण्यास माणशीं रोज पांच लिटर पाणी धरलें, आंघोळ, जनावरें, धुणें सर्व सोडून दिलें, तरी बारा लाख लिटर पाणी लागेल. म्हणजे वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असें एक टाकें काठोकाठ भरलेलें हवें. पण हें टाकें उघडें असेल तर मराठवाड्याचें ऊन या आठ महिन्यांत त्यांतील मीटर-दीड मीटर पाणी सहज पिऊन टाकील. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी माणसांच्या वांट्यास येण्यापूर्वींच हवेंत जाईल. म्हणून आपल्याकडील गडांवर शहाण्या बांधणाऱ्यांनीं टाकीं रुंद न करतां खोल केलीं, आणि जेथें जमलें तेथें कड्याच्या पोटांत, सावलींत कोरलीं. आतां धान्य पाहूं. माणशीं रोज अर्धा किलो धरल्यास बाराशें क्विंटल धान्य लागेल. तें ओल, कीड आणि उंदीर यांपासून सांभाळलें पाहिजे, आणि दरवर्षीं जुनें काढून नवें भरलें पाहिजे. हें काम शौर्याचें दिसत नाहीं. त्याचे पोवाडे कोणी रचीत नाहीं. पण दुर्ग जगतो तो त्यावर.

देवगिरीचा पुढचा सारा इतिहास या हिशेबाचीं उदाहरणें पुरवितो. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणिली व गांवास दौलताबाद हें नांव दिलें. राजधानी येथें टिकली नाहीं याचीं कारणें अनेक आहेत. उत्तरेची सीमा दूर पडली, लोक नाखूष होते, आणि कोरड्या पठारावर एवढ्या मोठ्या वस्तीस पोसणें हेंहि सोपें नव्हतें. डोंगरांतील तळ्यांचें पाणी भाजलेल्या मातीच्या नळांनीं शहरांत आणल्याच्या खुणा येथें सांपडतात. पाण्याची चणचण राज्यकर्त्यांसहि जाणवत होती, असें त्यावरून म्हणतां येतें. १३४७ मध्यें दक्षिणेतील अमिरांनीं बंड करून किल्ला घेतला, तेव्हां स्वतः सुलतानानें येऊन वेढा घातला. परंतु बंडवाले वरच्या बालेकिल्ल्यांत बसून राहिले. तेवढ्यांत गुजराथेंत दुसरें बंड उठलें व सुलतानास निघून जावें लागलें. वरची शिबंदी तेवढे दिवस तगली, आणि तिच्या तगण्यांतूनच बहमनी राज्य जन्मास आलें. म्हणजे भरलेलें कोठार राज्य घडवूं शकतें, हेंहि याच कड्यानें दाखविलें.

दीडशें वर्षांनंतर अहमदनगरच्या अहमद निजामशहानें हा किल्ला घेतला तो तोफांच्या बळावर नव्हे. कड्यावर डोकें आपटण्यांत अर्थ नाहीं हें त्यानें ओळखलें. त्याचें सैन्य खरिपाच्या व रब्बीच्या सुगीस दौलताबादच्या मुलखांत शिरे आणि उभीं पिकें उद्ध्वस्त करून परत जाई, असें इतिहासकार सांगतात. असें वर्षानुवर्षें चाललें, आणि १४९९ मध्यें किल्ला त्याच्या हातीं आला. किल्ला डोंगरावर असला तरी त्याचीं मुळें खालच्या शेतांत असतात, हें या माणसानें बरोबर हेरलें.

परंतु सर्वांत हृदयद्रावक प्रसंग १६३३ सालचा. त्यापूर्वीं १६३० ते १६३२ या काळांत दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडून गेला होता. गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. कोठारें रिकामीं, बैल मेलेले, पेरावयास बियाणें नाहीं, अशा स्थितींत मोगल सेनापति महाबतखान यानें दौलताबादेस वेढा घातला. किल्ल्यांत मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान आणि निजामशाहीचा बालराजा होते. फत्तेखान प्रथम मोगलांशीं बोलणीं करीत होता. विजापूरकरांनीं रसद पुरविण्याचें वचन दिल्यावर तो त्यांच्याकडे फिरला. एवढ्यावरूनच त्याची खरी अडचण कोणती होती तें दिसतें. विजापूरच्या फौजेनें, आणि तिच्याबरोबर शहाजीराजांनीं, धान्य आंत पोहोंचविण्याचा वारंवार प्रयत्न केला; पण मोगलांनीं तो हाणून पाडला. सुरुंगांनीं अंबरकोट फुटला, पुढें महाकोटहि गेला. काळाकोट आणि त्यावरचा कडा मात्र शाबूत होता. तासलेल्या भिंतीवर कोणी चढलें नाहीं, अंधेरींत कोणी शिरलें नाहीं. आंतील लोक मेलेल्या जनावरांचीं कातडीं उकळून खाण्यापर्यंत आले, आणि जून महिन्यांत फत्तेखानानें किल्ला खालीं केला. बालराजाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेंत झाली.

या ठिकाणीं दूरच्या एका किल्ल्याची आठवण होते. मृत समुद्राजवळच्या खऱ्याखुऱ्या वाळवंटांत मसादा नांवाचा डोंगरी किल्ला आहे. तेथें पाऊस आपल्याकडच्या मानानें कांहींच नाहीं. तरीहि हेरोद राजानें वर्षांतून दोनचार वेळां ओढ्यांना येणारें पाणी वळवून खडकांतील प्रचंड टाक्यांत सांठविण्याची योजना केली होती. टाक्यांची एकूण सांठवण सुमारे चार कोटि लिटर भरेल असा अंदाज आहे. इ. स. ७३-७४ मध्यें रोमन सैन्यानें त्यास वेढा घातला. आंत धान्य व पाणी मुबलक असल्यामुळें उपासमारीची वाट पाहण्यांत अर्थ नव्हता. शेवटीं रोमनांना माती-दगडांचा अवाढव्य उतार रचून तटापर्यंत चढावें लागलें. किल्ला पडला खरा. पण ज्या दुर्गाचें कोठार भरलेलें असतें त्याला जिंकावयास डोंगराशेजारीं दुसरा डोंगर उभारावा लागतो, आणि ज्याचें रिकामें असतें त्याच्यासमोर नुसतें बसून राहिलें तरी पुरतें, हा फरक मसादा आणि देवगिरी शेजारीं ठेवले म्हणजे स्पष्ट दिसतो.

म्हणून माझी सूचना अशी कीं, यापुढें देवगिरीस जाल तेव्हां नेहमींच्या गोष्टींबरोबर पाण्याचा मागहि काढा. आंत शिरल्यावर हत्ती हौद लागतो. त्याच्या कांठावर उभें राहून, मघांचा हिशेब मनांत धरून, यावर किती माणसें किती दिवस जगलीं असतील याचा अंदाज मुलांना करावयास सांगा. सरस्वती बाव पाहा. शेजारची मोठी मशीद १३१८ मध्यें कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनें जुन्या देवळांचे खांब वापरून बांधविली. तेथें १९४८ नंतर भारतमातेची मूर्ति बसविण्यांत आली. पुढें चांद मिनार आणि चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास १६८७ नंतर औरंगजेबानें याच महालांत अखेरपर्यंत कैदेंत ठेविलें होतें. मग पूल, अंधेरी, आणि शहाजहानाच्या १६३६ च्या भेटीची आठवण सांगणारी बारादरी. माथ्याजवळ जनार्दनस्वामींची गुहा आहे. निजामशाहींत हे या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ येथेंच त्यांच्या सेवेस राहिले. किल्लेदाराच्या दप्तराचे हिशेब गुरूच्या आज्ञेनें शिष्य तपाशीत बसे, आणि एका पैची चूक सांपडावी म्हणून त्यानें रात्र जागून काढली, ही कथा आपल्या घरोघरीं सांगितली जाते. ज्या किल्ल्याचें भवितव्य गोण्यांच्या हिशेबावर ठरलें, त्याच किल्ल्यावर ही कथा घडावी, हें मला फार अन्वर्थक वाटतें.

चढावयास सकाळची वेळ बरी. अंधेरींत वटवाघळें असतात व पायऱ्या ओबडधोबड आहेत. हातांत विजेची बत्ती असावी, पायांत घट्ट पादत्राणें असावीं. श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत मुलूख हिरवा असतो. तथापि ज्यास हा किल्ला खऱ्या अर्थानें समजून घ्यावयाचा असेल त्यानें एकदां तरी चैत्रांत माथ्यावर जावें, आणि मात्र पिण्याचें पाणी पुरेसें बरोबर न्यावें. वरून चोहोंकडे करपलेलें पठार दिसतें, आणि आंत अडकलेल्या माणसांनीं आकाशाकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहिलें असेल तें सांगावें लागत नाहीं.

वेढ्यांचे दिवस गेले. पण ज्या शत्रूनें देवगिरी खरोखर जिंकिली तो गेलेला नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील सधन शेतकरीहि खडी फोडावयास गेले आणि परदेशांतून आलेल्या मिलो नांवाच्या लाल ज्वारीवर घरें जगलीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तट नसला तरी शहर वेढ्यांत सांपडूं शकतें, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें. ज्या मलिक अंबराच्या मुलास हा किल्ला सोडावा लागला, त्याच मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकी गांवास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जमिनीखालून नहर काढून डोंगराचें पाणी दिलें. अंबरकोटास सुरुंग लागला. नहरीनें मात्र त्या शहराची तहान पुढें कित्येक पिढ्या भागविली. दोहोंपैकीं मोठें बांधकाम कोणतें, हें सांगावयास नको.

आणि असें बांधकाम दगडाचेंच असावें लागतें असें नाहीं. बदनापुरास परभणीच्या कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तेथें तुरीचीं वाणें तयार होतात. त्यांच्या नांवांतील बीडीएन हीं अक्षरें बदनापूरचींच. बीडीएन ७११ हें त्यांपैकीं एक. पांढऱ्या दाण्याची ही तूर सुमारे दीडशें दिवसांत हातीं येते, म्हणजे जमिनींतील ओल संपण्यापूर्वीं आपलें काम उरकते. थोड्या पाण्यावर कोठार भरण्याची ही विद्या आहे. रामचंद्राच्या गोण्यांत जें हवें होतें आणि नव्हतें, तें या मुलखांतील शेतकऱ्याच्या गोणींत यावें म्हणून तेथें माणसें वर्षानुवर्षें बियाणें निवडीत बसलेलीं आहेत. देवगिरी पाहावयास जाणाऱ्यानें कड्यापुढें अवश्य नतमस्तक व्हावें; तो आहेच तसा. परंतु घरीं आल्यावर आपल्या विहिरीची खोली, आपल्या छपराचें वाहून जाणारें पाणी आणि आपल्या कोठींतील धान्य यांचा एकदां हिशेब मांडावा. गोण्या मोजाव्या, आणि त्या उघडूनहि पाहाव्या.